मनी प्लांटची पानं मोठी का होत नाहीत?

मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात, कोकणात घरामागच्या आंब्या-फणसावर एक दांडगा वेल चढलेला दिसतो. पानं हातभर लांब, त्यांवर पिवळे फराटे, काही पानांच्या कडा फाटल्यासारख्या. बहुतेकांना ते कुठलं तरी रानटी झुडूप वाटतं. तो मनी प्लांट असतो. त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्रिजवरच्या बाटलीत जो आहे, तोच. बाटलीतल्याचं पान मात्र आठ-दहा सेंटिमीटरच्या पुढे सरकत नाही.

लोक याचं कारण खतात शोधतात, नाहीतर 'आपल्या हाताला गुणच नाही' म्हणून सोडून देतात. खरं कारण फार साधं आहे. झाडावरचा वेल वर चढतोय आणि बाटलीतला खाली लोंबतोय. या वेलाच्या बाबतीत दिशा बदलली की पान बदलतं. एवढं एक समजलं की कुंडी, काठी, खिडकी, पाणी यांचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मनी प्लांटचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळचा तो प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मोओरेआ बेटाचा. 1880 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा त्याला पोथॉस या प्रजातीत बसवलं होतं. इंग्रजीत अजूनही त्याला पोथॉस म्हणतात ते त्यामुळे. मग शास्त्रज्ञांनी त्याला या प्रजातीतून त्या प्रजातीत बरंच फिरवलं आणि आजचं नाव पक्कं झालं ते 1964 मध्ये. इतका वेळ लागला, कारण वनस्पती ओळखायची ती फुलावरून, आणि हा पठ्ठ्या सहसा फुलतच नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याचं कारण सापडलं. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा त्याला फुलं आली.

फूल नाही म्हणजे बी नाही. तुमच्याकडचा, शेजारच्या काकूंचा आणि दवाखान्यातल्या काउंटरवरचा मनी प्लांट हे सगळे कुणीतरी कुणाकडून आणलेल्या फांदीचेच तुकडे. चोरून आणलेलाच लागतो म्हणतात. मागून आणलेलाही तितकाच लागतो, खात्री बाळगा. ऑनलाइन कुणी 'मनी प्लांटच्या बिया' विकत असेल तर पाकिटात दुसरंच काहीतरी आहे हे ओळखावं.

बालपण आणि मोठेपण

उष्ण प्रदेशातल्या घनदाट जंगलात जमिनीवर उजेड फार कमी पोचतो. तिथे उगवलेल्या वेलाला आधी आधार शोधावा लागतो. मॉन्स्टेरा हा मनी प्लांटचा भाऊबंद. त्याच्या एका जातीवर कोस्टारिकात अभ्यास करून डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी 1975 मध्ये एक गमतीची गोष्ट मांडली. त्याची रोपं उजेडाकडे जातच नाहीत, आसपास जिथे सगळ्यात जास्त काळोख दिसेल तिकडे सरपटतात. जंगलात सगळ्यात काळं काय दिसणार? जवळच्या मोठ्या झाडाचा बुंधा. बुंधा गाठला की वेल पवित्रा बदलतो आणि उजेडाच्या दिशेने वर निघतो.

या शोधाच्या काळात पान मोठं करून उपयोग नसतो. सगळी ताकद लांब होण्यात जाते: बारीक खोड, दोन पानांत भरपूर अंतर, पानं छोटी. हे वेलाचं बालरूप. खोडाच्या प्रत्येक गाठीतून, म्हणजे पान जिथून फुटतं त्या सांध्यातून, हवेत मुळं निघतात. ती सालीत घट्ट रुतली की खोड जाड व्हायला लागतं आणि प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा थोडं मोठं येतं. मोठ्या झाडावर चढलेला मनी प्लांट 20 मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि पूर्ण वयात आलेलं पान जवळजवळ मीटरभर लांब होऊ शकतं. कडा चिरलेली पानं येतात ती याच वयात.

आता समजा, आधार संपला. शेंडा सुटला आणि लोंबायला लागला. वेल पुन्हा बालरूपाकडे वळतो. खोड बारीक होतं, पानं लहान होतात, आणि तो जमीन आणि नवा बुंधा शोधत खाली सरकतो. आपण शेल्फवरून मोठ्या हौसेने सोडलेला वेल जन्मभर याच शोधात असतो. तो आजारी नाही, उपाशीही नाही. त्याला फक्त अजून झाड सापडलेलं नाही.

कोकणातल्या मिरीच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. सुपारीवर किंवा पांगाऱ्यावर चढवलेल्या मिरीच्या वेलाला वर चढणारी फांदी वेगळी असते, जमिनीवर पळणारी वेगळी, आडवी फुटून घोस धरणारी वेगळी, आणि आधार सुटून लोंबणारी वेगळी. लोंबणाऱ्या फांदीला मिरी धरत नाही. कुंडीत लावायची झुडपी मिरी करायची तर घोस धरणाऱ्या आडव्या फांदीचंच कलम घेतात. वेल एकच, पण कुठली फांदी कुठल्या दिशेने वाढतेय त्यावर तिचं वागणं ठरतं. मिरीचं कुळ मनी प्लांटहून वेगळं आहे, तरी चढणाऱ्या वेलांचं हे तंत्र दोघांत दिसतं. खुद्द मनी प्लांटच्या कुळातला आपला गावठी नातेवाईक पाहायचा असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या दाट झाडीत जा. गणेशकंद म्हणून एक वेल झाडांना बिलगून चढलेला असतो आणि त्याच्या मोठ्या पानांना भोकं आणि चिरा असतात.

चढल्यावर पान मोठं का होतं, याला दोन-तीन कारणं एकत्र लागतात. वर उजेड जास्त मिळतो. रुतलेली मुळं ओल्या सालीतून पाणी आणि थोडंफार अन्न ओढतात, त्यामुळे शेंड्याला लागणारं पाणी सगळं खालून चढवावं लागत नाही. आणि खोड उभं असलं, टेकलेलं असलं की त्याच्या आतला संप्रेरकांचा प्रवाहही लोंबणाऱ्या खोडापेक्षा निराळा चालतो. घरात यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, उजेड आणि ओला आधार.

उजेड

'इनडोअर प्लांट' या शब्दाने फार नुकसान केलं आहे. घरात जगणारं झाड असं काही निसर्गात नसतं. कमी उजेड सोसणारी झाडं असतात आणि मनी प्लांट त्यातला एक. सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

आकड्यांत पाहू. उजेड मोजायचं एकक म्हणजे लक्स. भर दुपारी उघड्यावर उजेड साधारण एक लाख लक्स असतो. ऊन थेट न येणाऱ्या पण मोकळ्या खिडकीला लागून तो काही हजारांवर येतो. तिथून सोफ्यापाशी, दोन-तीन मीटर आत आलात की काही शेकडे उरतात. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण बुबुळ आपोआप जुळवून घेतं. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. ती तंतोतंत नसतात, पण खिडकीत आणि टीव्हीशेजारी एकदा मोजून पाहा, झोप उडेल. ढोबळ हिशेब असा धरावा की हजार लक्सच्या खाली मनी प्लांट तग धरून राहतो, आणि पानं मोठी करायची असतील तर दिवसातले बरेच तास त्याच्या कितीतरी पट उजेड हवा.

आपल्या फ्लॅटमध्ये उजेड खाणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. रंगीत काच, स्लायडिंगची डासांची जाळी, वर्षभर न धुतलेली काच, समोरची इमारत. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंडी ठेवली तर त्याच खिडकीच्या आतल्या कट्ट्यापेक्षा उजेड खूपच जास्त मिळतो. पूर्वेचं सकाळचं ऊन मनी प्लांटला चालतं, मानवतंही. पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन पानं करपवतं. सर्वात आधी पांढऱ्या भागांवर तपकिरी डाग पडतात, कारण त्या भागात हरितद्रव्य नसतंच.

पांढऱ्या-पिवळ्या जातींचं म्हणून वेगळं सांगायला हवं. मार्बल क्वीन, एन-जॉय अशा जातींत पानाचा बराच भाग अन्न तयारच करत नाही. त्यामुळे त्यांना साध्या मनी प्लांटपेक्षा जास्त उजेड लागतो आणि तरीही त्या हळूच वाढतात. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पानं हिरवी यायला लागतात. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती कापून टाकावी. ती जोमाने वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. पहिल्यांदाच वेल चढवणार असाल तर साधा पिवळ्या फराट्यांचा, ज्याला नर्सरीवाले 'गोल्डन' म्हणतात, तोच घ्या. स्वस्त आहे आणि सगळ्यात लवकर मोठा होतो.

खिडकीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूबही चालते. जांभळा दिवाच हवा असं नाही. मात्र ती झाडापासून फूटभरावर हवी आणि रोज 12 तास चालू हवी. छतावरच्या ट्यूबवर वेल मोठा होत नाही.

उजेड कमी पडतोय हे वेल स्वतः सांगतो. दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं आणि पानं छोटी होत गेली तर कुंडी खिडकीकडे न्या. खताची पिशवी उघडू नका.

काठी

नर्सरीत 'मॉस स्टिक' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा मॉस, म्हणजे शेवाळ, नसतंच. पीव्हीसी पाइपवर काथ्या गुंडाळलेला असतो. म्हणजे पायपुसणं गुंडाळलेला पाइप. आधार म्हणून तो वाईट नाही, वेलाला टेकायला मिळतं, पानं थोडी मोठीही होतात. पण पाणी टाकलं की काथ्याचा थर भराभर सुकतो आणि आतला पाइप तर कोरडाच. कोरड्या पृष्ठभागावर हवेतली मुळं येतात, जरा चिकटतात आणि वाळून थांबतात. पाणी पिण्यासाठी ती आत शिरत नाहीत. वर्षभर काठी असूनही पानं तेवढीच, ही तक्रार इथून येते.

काम करते ती आतून ओली राहणारी काठी. ती घरी करता येते. बागकामाची प्लास्टिकची जाळी घ्यायची, भोकं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. तिची सात-आठ सेंटिमीटर जाडीची नळी वळायची, शिवण केबल टायने बांधायची. आत एक बांबू किंवा पाइप उभा ठेवायचा, म्हणजे काठी वाकत नाही. मग नळी भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसने, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळक्या शेवाळाने, भरायची. मॉस महाग पडतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट, म्हणजे सोडणाचा भुसा, मिसळून भरलं तरी चालतं, फक्त ते आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून, पिळून घ्यावं, कारण त्यात क्षार असतात. फार दाबून भरू नये. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते.

काठी कुंडीत आधी उभी करायची, तळापर्यंत, आणि मग वेल लावायचा. नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि काठी डुलत राहते. ओली काठी जड असते. हलकी प्लास्टिकची कुंडी एका वाऱ्यात कलंडेल. मातीची किंवा सिमेंटची कुंडी बरी. प्लास्टिकचीच असेल तर तळाशी दोन दगड ठेवा. सुरुवातीला काठी दीड-दोन फुटांची पुरे. पुढे वरून दुसरी नळी जोडता येते.

पाणी वरून घालायचं, हळू. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती काठीच्या टोकाला उलटी खोचली की थेंबथेंब पाणी आत झिरपतं. हेच पाणी शेवटी कुंडीत उतरतं, हे मात्र विसरू नये. काठीला पाणी आणि वर पुन्हा कुंडीला वेगळं पाणी दिलं की मुळं कुजतात.

एवढा खटाटोप नको असेल तर खडबडीत सालीची सुकी फांदी उभी करा, आंब्याची, जांभळाची, जी मिळेल ती. किंवा रंग-पॉलिश न केलेली लाकडी फळी. फळीवर वेल सपाट चढतो आणि पानं एकावर एक येतात. मला दिसायला काठीपेक्षा फळीच आवडते. लाकूड ओलं राहिलं की कालांतराने कुजणार, वाळवीकडेही लक्ष ठेवावं लागणार. दोनेक वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

बांधणं आणि मांडणं

वेलाच्या खोडाला पाठ आणि पोट असतं. बोट फिरवून पाहा. गाठींवर एका बाजूला तपकिरी टोकं हाताला लागतात, ती हवेतली मुळं. ती बाजू काठीकडे, पानांची बाजू आपल्याकडे. उलटं बांधलं तर वेल स्वतःला पिळून वळवण्यात महिने घालवतो.

बांधायचं ते खोड, गाठीजवळ. पानाचा देठ कधीच बांधू नये, पानाला उजेडाकडे वळायला तो मोकळा हवा. सुतळी चालते, जुन्या सुती साडीची पट्टी त्याहून बरी. बारीक तार नको, खोड जाड झालं की ती आत रुतते. मुळांनी काठी धरली की बांधलेलं सोडून टाका.

आता धीराचा भाग. जुनी पानं मोठी होत नाहीत. पान एकदा उघडून कडक झालं की त्याचा आकार ठरला. मोठी येतील ती पुढची पानं, आणि तीही मुळं काठीत शिरल्यावर. पहिली चार-पाच पानं आधीसारखीच आली तर काठी चुकली असं समजून उपटू नका. मुळं शिरली की नवं पान आधीच्या पानाशेजारी धरून पाहा, फरक दिसेल. मीटरभर पानाची आशा घरात धरू नये. पण चांगल्या खिडकीत ओल्या काठीवर तळहाताच्या दुप्पट पान यायला हरकत नाही.

लटकत्या वेलाची कुंडी लोक अधूनमधून फिरवतात. चढवलेल्या वेलाची फिरवू नये. सगळी पानं एकाच दिशेला, खिडकीकडे तोंड करून बसतात आणि त्यातच त्याचं सौंदर्य आहे. कुंडी फिरवली की सगळी पानं माना वळवायला लागतात आणि आठवडाभर घर विस्कटल्यासारखं दिसतं. म्हणून जागा आधी ठरवावी. खिडकीच्या बाजूच्या भिंतीशी, उजेड तिरपा पडेल अशी जागा बैठकीतून छान दिसते. थेट खिडकीसमोर ठेवलं तर पानांची तोंडं बाहेर आणि आपल्याला पाठ. वन बीएचकेवाल्यांसाठी यात आणखी एक सोय आहे. जमिनीवर फूटभर जागा लागते, बाकीचा पसारा उभा.

एका काठीला किती वेल? तीन-चार लावले तर महिन्या-दोन महिन्यांत काठी भरलेली दिसते. एक-दोनच लावले तर काठी बराच काळ उघडी दिसते, पण प्रत्येकाला भरपूर वाटा मिळून पानं मोठी होतात. मी दोनच्या पुढे जाणार नाही.

काहीजण वेल सरळ भिंतीवर चढवतात. रंगावर मुळं चिकटतात आणि काढताना रंगाचे पोपडे घेऊन येतात, मागे तपकिरी खुणा राहतात. भाड्याच्या घरात हा खेळ डिपॉझिटवर जातो. खिडकीच्या चौकटीभोवती चिकटवायच्या हुकांवरून फिरवलेला वेल सुंदर दिसतो. तो आडवा जातो, काही धरत नाही, त्यामुळे पानं मध्यमच राहतात. सजावट म्हणून उत्तम.

लोंबता वेलही काही गुन्हा नाही. बहुतेक घरांत तोच शोभतो. त्याची अडचण निराळी असते: वर टक्कल आणि खाली लांब शेपट्या. कारण शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक मागच्या गाठींमधल्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या कोंबांना, फुटू देत नाही. शेंडा खुडला की मागचा एखाद-दुसरा डोळा फुटतो, पण मनी प्लांट तुळशीसारखा चहूबाजूंनी कधी भरत नाही. दाट कुंडी हवी असेल तर छाटलेले तुकडे त्याच कुंडीत परत खोचणं हाच उपाय.

पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, बस्स. दूध, खोबरेल, चमकवायचे स्प्रे यांनी पान दोन दिवस चकाकतं आणि मग दुप्पट धूळ धरतं.

माती, पाणी आणि बाटली

नर्सरीतून वेल येतो तो बहुधा निव्वळ लाल मातीत. घरात, वारा-ऊन कमी असताना, ती माती आठवडाभर चिखल राहते आणि वाळली की विटेसारखी आवळते. झाडाच्या सालीत वाढणाऱ्या मुळांना हे सोसत नाही. साधारण एक भाग कोकोपीट, एक भाग सोडणाचे तुकडे किंवा भाताचं तूस, एक भाग गांडूळखत, आणि मूठभर कोळशाचे तुकडे. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. ओतलेलं पाणी काही सेकंदांत तळातून बाहेर आलं पाहिजे.

पाण्याचं वेळापत्रक नसतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. मे महिन्यात नागपूरला ते रोज लागेल, जुलैत दापोलीला आठवड्यातून एकदा पुरेल. पानं मलूल आणि माती कोरडी, तर तहान. पानं मलूल आणि माती ओली, तर मुळं कुजताहेत, आणि आणखी पाणी घालणं हा सर्वात वाईट उपाय. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं नैसर्गिक आहे, एकदम चार-पाच पडली तर पाणी जास्त झालंय. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरे क्षार जमतात आणि पानांची टोकं करपतात. पावसाळ्यात कुंडी दोन-चार दिवस पावसात ठेवली की ते धुऊन निघतात. थंड देशात राहणाऱ्यांनी तापमान सांभाळावं. दहा-बारा अंशांच्या खाली वेल दुखावतो, आणि हीटरच्या कोरड्या हवेत काठी फार लवकर सुकते.

खत कमीच. पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा. दूध-साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकू नका, चिलटांची पैदास होते. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाने पुसून काढा आणि कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या पाण्यात घोटून फवारा. दर आठवड्याला, दोन-तीनदा.

बाटलीतला मनी प्लांट वर्षानुवर्षं जगतो, पण पाण्यात अन्न जवळजवळ नसतं, म्हणून तो तसाच राहतो. त्याचा खरा प्रश्न आरोग्याचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. डेंग्यूच्या मोसमात पालिकेची माणसं घरी येऊन मनी प्लांटच्या बाटल्यांत डोकावतात ती उगीच नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी आठवड्याच्या आत बदलायचं. नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. अंडी काचेला आतून चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. बाटली ब्रशने घासावी, तोंडाशी कापूस नाहीतर जाळी लावावी.

थोडं ऐकीव गोष्टींबद्दल

मनी प्लांट घरातली हवा शुद्ध करतो, हे 1989 च्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरलं. तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांत झाला होता. आपल्या घरात दारं-खिडक्या असतात. 2019 मध्ये असे जुने अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी हिशेब मांडला की साध्या हवा खेळण्याने जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडणं सोपं.

वास्तुवाले सांगतात, मनी प्लांट आग्नेयेला ठेवा आणि वेल जमिनीकडे लोंबू देऊ नका. पैशाचं मला ठाऊक नाही. पण आग्नेयेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि वेल वर गेला की पानं मोठी होतात, एवढ्यापुरतं माझं त्यांच्याशी भांडण नाही.

एक गोष्ट मात्र ऐकीव नाही. मनी प्लांट अळू-सुरणाच्या कुळातला आहे आणि त्याच्या पानात-खोडात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांचे जुडगे असतात. कच्च्या अळूने घसा का खवखवतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको. अळू आपण चिंच घालून शिजवतो, मनी प्लांट शिजवूनही खायचा नाही. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. लोंबत्या वेलाची कुंडी उंच तरी असते, काठीवरचा वेल जमिनीपासून सुरू होतो. रांगतं मूल घरात असेल तर काठीचा बेत वर्षभर पुढे ढकला. छाटणीनंतर हात धुवा, चिकाने काहींच्या कातडीला खाज येते.

छताला टेकल्यावर

काठी संपली आणि शेंडा वर मोकळा झाला की वेल पुन्हा बालरूपाकडे वळणार. तेव्हा कापायचं. जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ, हवेत ओल असते आणि मुळं लवकर धरतात. वरचा फूट-दीड फूट भाग, ज्याला हवेतली मुळं आहेत असा, गाठीच्या खाली स्वच्छ कात्रीने कापा. काठीतून मुळं सोडवताना ओढू नका, जाळीच्या आतून मॉससकट कापून घ्या. हा तुकडा जाड खोडाचा असल्याने नव्या काठीवर त्याची पानं सुरुवातीपासून बरी मोठी येतात. बाटलीतल्या बारीक शेपटीपासून सुरू केलं तर तिथवर यायला बराच काळ जातो. म्हणून शेजारच्या काकूंकडून फांदी मागायची तर लोंबणारी मागू नका, चढलेली मागा.

खाली राहिलेलं खोड फेकायचं नाही. त्याला उजेड आणि काठीची ओल मिळत राहिली तर कापलेल्या जागेच्या खालचा डोळा काही आठवड्यांत फुटतो आणि काठी पुन्हा चढायला लागतो. उरलेली छाट कुंडीत खोचा, वाटा किंवा खतात कुजवा, पण टेकडीवर आणि रानात टाकू नका. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा इथे हा वेल जंगलात घुसून स्थानिक झाडांवर पसरला आहे, आणि गणेशकंदाला सह्याद्रीत आणखी एक भाडेकरू नको.